गुंड भरला हाय का?

तुळसाबाईंची आणि माझी ओळख झाली ती त्यांनी मला दारातून परत पाठवलं तेव्हा. दार म्हणजे तंबू टॉकीजच्या कनातीला बायकांसाठी ठेवलेली एक फट आणि तिच्यापुढे अंथरलेलं पोतं. मी आर्णीच्या मुलींच्या शाळेत नुकतीच रुजू झाले होते. नागपूरचं राज्य जाऊन आम्ही मुंबईच्या राज्यात गेलो, तेच ते वर्ष. मी वाढले अमरावतीला, आणि पंधरा दिवस सिनेमा पाहिला नाही की मला घास गोड लागत नसे. म्हणून दिवाळीनंतर बाजाराच्या मैदानात तंबू उभा राहिला, पत्र्याचा भोंगा गावातून ओरडत फिरला, तशी मी आईला घेऊन संध्याकाळच्या खेळाला पोचले.

पोत्यावर एक उंच, काळीसावळी बाई कापसाच्या वाती वळत बसली होती. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"नव्या मास्तरीनबाई का वो तुमी?"

"हो. दोन तिकिटं द्या."

"नका पाहू."

"म्हणजे?"

"म्हंजे नका पाहू. गुंड रिकामा हाय याचा. पुढल्या बाजारी या. थो चांगला हाय."

तिकीट विकणारी बाईच तिकीट घेऊ नका म्हणते, हे मला नवीन होतं. शिवाय हा सिनेमा अमरावतीला महिनोन् महिने चालला होता आणि त्याची गाणी आमच्या गल्लीतल्या प्रत्येक पोराच्या तोंडी होती. मी हट्टाने आत गेले. मध्यंतरापर्यंत आई झोपली. मी शेवटपर्यंत बसले, कारण बाहेर पोत्यावर कोण बसलंय हे मला माहीत होतं. बाहेर पडताना त्यांनी विचारलंच, "कसा होता?" मी म्हटलं, "छान होता." त्या हसल्या आणि म्हणाल्या, "खोटं बोलनंबी शिकवता का शाळेत?" मला राग आला आणि हसूही आलं. त्या दिवसापासून पुढची अनेक वर्षं मी त्यांना विचारल्याशिवाय एकही सिनेमा पाहिला नाही.

तुळसाबाई तंबूचे मालक नामदेवराव यांच्या थोरल्या बहीण. लहानपणी आई गेली तेव्हा नामदेवरावांना त्यांनीच वाढवलेलं. पुढे नवरा गेला, मूलबाळ नव्हतं, तशा त्या भावाकडे आल्या. बायकांच्या दारावर परका पुरुष बसवला तर घरंदाज बायका यायच्या नाहीत, म्हणून नामदेवरावांनी त्यांना तिथे बसवलं. चूक झाली ती तिथेच. तुळसाबाईंना वाटलं, बसवलंय तर आपल्याला विचारलं जाणार आणि विचारलं तर खरं सांगितलं पाहिजे. नामदेवराव पुरुषांच्या दारावर "एकदम हिट, एकदम हिट" म्हणून घसा कोरडा करत असायचे आणि त्याच वेळी तंबूच्या दुसऱ्या टोकाला त्यांची सख्खी बहीण गिऱ्हाईक परत पाठवत असायची.

"बाई, माह्या पोटावर पाय देते तू," ते चिडून म्हणायचे.

"आज परत पाठवली त परवा येईन थे. आज फसवली त कधीच नाही येनार. तुले कोनती पाह्यजे?"

आता ते गुंडाचं सांगते. पाणी भरायच्या मोठ्या पितळी भांड्याला आमच्याकडे गुंड म्हणतात. त्या काळच्या सिनेमात नायिका एकदा तरी पाणवठ्यावर जायचीच. कंबरेवर घागर, पाठीवर वेणी, आणि ती हरणासारखी उड्या मारत परत यायची. तुळसाबाई सगळा सिनेमा त्या चालण्यावरून जोखायच्या. "भरला गुंड घेऊन मान अशी राह्यते," म्हणून त्या उठून चालून दाखवायच्या. मान ताठ, कंबर एका बाजूला किंचित कललेली, पाऊल जमिनीला चाचपत टाकलेलं. "आन् ही पाहा, नाचून राह्यली! पानी कोठी गेलं मंग? जिले गुंड भरता येत नाही तिचं रडनंबी तसंच असनार." सिनेमात पाणवठा नसला तरी हाच निकाल असायचा. बाई जात्यावर बसली तर पीठ पडतंय का, पोराला थोपटते तर हात पोराच्या पाठीवर टेकतोय का, हे त्या बघत. खोटं दिसलं की एवढंच म्हणत, "गुंड रिकामा हाय." हळूहळू सगळ्या आर्णीतल्या बायका तसं म्हणायला लागल्या. एका लग्नात पाठवणीच्या वेळी खुद्द वरमाईच गळा काढून रडत होती, तेव्हा माझ्यामागून कुणीतरी हळूच म्हणालं, "रिकामा हाय वो," आणि अख्खी रांग पदरात तोंड खुपसून हसली.

लोकांनी डोक्यावर घेतलेले किती सिनेमे त्यांनी मोडीत काढले! आणि कुणी न विचारलेले किती सिनेमे आम्हाला दाखवले. एक आंधळ्या सासऱ्याचा होता. त्यात एकही ओळखीचा चेहरा नव्हता आणि पुरुषांच्या बाजूला अर्धी बसकणं रिकामी होती. एक म्हशीवाला होता, तो माझ्या आईने दोनदा पाहिला. सिनेमांना ही नावं बायकांनीच ठेवलेली. एका पडेल सिनेमात मोलकरणीचं चार वाक्यांचं काम करणारी एक नवी पोरगी होती. तुळसाबाईंनी मला कोपर मारून सांगितलं, "हिच्यावर ध्यान ठेवा, मास्तरीनबाई. ही हिरोनीले खाऊन टाकीन." काही वर्षांनी ती पोरगी खरंच भिंतीवरच्या मोठ्या चित्रांत दिसायला लागली. तुळसाबाईंनी त्याचा एवढा तोरा मिरवला की जणू तिला दूध पाजून त्यांनीच मोठी केली होती.

चुकायच्याही त्या. एकदा "पाहाच" म्हणून सगळ्यांना आत घातलं आणि सिनेमा मध्यंतरानंतर पार ढेपाळला. दुसऱ्या दिवशी दारावर बसून प्रत्येकीला सांगत होत्या, "माहं चुकलं. अर्धाच पाहून सांगतलं मी. रागवा मले." कुणी रागावलं नाही.

पण त्यांची एक चूक मात्र मला वर्षानुवर्षं दुरुस्त करता आली नाही. ती समजायला तंबूत बायका कुठे बसत ते सांगायला हवं. पडदा तंबूच्या मधोमध टांगलेला असे. यंत्राच्या बाजूला पुरुष आणि पडद्याच्या मागच्या बाजूला बायका. कापड ओलं करून ताणलं की चित्र आरपार दिसायचं, फक्त उलटं. नावं उलटी दिसायची, पण वाचणाऱ्याच मुळात हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या. पदर दुसऱ्या खांद्यावर जायचा. आणि सिनेमातली सगळी माणसं डाव्या हाताने जेवायची.

आर्णीच्या बायकांची याबद्दल पक्की खात्री होती. मुंबईचे लोक डाव्या हाताने जेवतात. मोठे लोक आहेत, त्यांच्यात तशीच रीत असेल. एक आजी तर देवाच्या सिनेमात देवाने डाव्या हाताने आशीर्वाद दिला म्हणून हात जोडायचं सोडून उठून गेली होती. मी तुळसाबाईंना सांगून पाहिलं की आपण मागून बघतो म्हणून तसं दिसतं.

"पडदा थोच. मानसं थेच. हात कसा बदलीन?"

"समोरून एकदा पाहा, म्हणजे कळेल."

"तिकडं गडीमानसं बसतात. मी कायले जाऊ तिकडं? आन् तुमचं शिकेल डोकं म्हनून सगळंच तुमाले समजते का?"

भावाच्या तंबूत इतकी वर्षं काढूनही ही बाई पडद्याच्या पुढच्या बाजूला कधी बसली नव्हती. तिला ते खटकलं नव्हतं आणि खरं सांगायचं तर मलाही नव्हतं.

मग तो विहिरीचा सिनेमा आला. त्याचं खरं नाव मी वाचलं होतं, पण आता आठवत नाही. बायकांनी ठेवलेलं नाव तेवढं राहिलं. गोष्ट साधी होती. गावाने पाणी बंद केलेली एक बाई एकटी विहीर खणायला घेते. गाव हसतं. दीर येऊन टोपली फेकून देतो. ती टोपली उचलून आणते आणि पुन्हा खणते. सिनेमाभर एवढंच. पहिल्या दिवशी पुरुषांच्या बाजूने शिट्ट्या आल्या, भुईमुगाची टरफलं पडद्यावर आली आणि मध्यंतरानंतर तिथे खोकणारासुद्धा कुणी उरला नाही. आमच्या बाजूला मोजक्या बाया होत्या. शेवटी विहिरीला पाणी लागतं आणि ती पहिला गुंड भरून चढण चढते. तुळसाबाई माझ्या शेजारी होत्या. त्यांनी माझं मनगट धरलं. पडद्यावरच्या बाईची मान ताठ होती, गुंडातलं पाणी हिंदकळून तिच्या खांद्यावर सांडत होतं आणि ओल्या मातीत तिचं पाऊल रुतत होतं.

"भरला हाय," तुळसाबाई म्हणाल्या. "मास्तरीनबाई, खरोखरचा भरला हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत निघाले तर मोटारस्टँडवर गर्दी. सिनेमाच्या रिळांची पेटी अमरावतीला परत जायची होती. त्या आठवड्याच्या बाजारासाठी नामदेवरावांनी तलवारीच्या मारामारीचा सिनेमा मागवला होता. मोटार सुटायला उभी होती, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता आणि पेटीवर तुळसाबाई मांडी घालून वाती वळत बसल्या होत्या.

"बाई, ऊठ वो. लोक पाहून राह्यले," नामदेवराव विनवत होते.

"पाहू दे. सिनेमा पाहाले नाही आले, मले त पाहतीन."

"मोटार निंगून जाईन!"

"जाऊ दे. मोटार उद्याबी येते. हा सिनेमा नाही येत."

नामदेवराव गावात वजन असलेला माणूस. पण ज्या बाईने आपल्याला कडेवर घेऊन वाढवलं तिच्या दंडाला धरून तिला भर चौकात कसं उठवणार? ते घामाघूम झाले. शेवटी ओरडले, "तीन पोट्ट्यांनी नाही पाह्यला हा सिनेमा! बाजाराच्या दिवशी रिकामा तंबू ठेवू का मी?"

"बाजाराच्या दिवशी मी भरून दाखवतो," तुळसाबाई म्हणाल्या.

"आन् नाही भरला त?"

"तू सांग."

"नाही भरला त दारावर तोंड उघडाचं नाही. कसाबी सिनेमा असो, कोनी काहीबी इचारो, मुक्यावानी तिकीट फाडाचं."

तुळसाबाईंनी वात वळून पूर्ण केली आणि टोपलीत टाकली. "नाही उघडत. जलमभर नाही उघडत." मोटार पेटीशिवाय गेली.

मला धडकीच भरली. दारावर तोंड उघडायचं नाही म्हणजे काय, ते मी जाणत होते. त्या बाईजवळ शेत नव्हतं, घर भावाचं, जेवण भावजयीच्या हातचं. जगात तिचं म्हणून एवढंच होतं की संध्याकाळी गावातल्या बायका येऊन तिला विचारतात आणि तिच्या शब्दावर आत जातात किंवा परत फिरतात. तेच तिने एका पडेल सिनेमावर लावलं होतं.

नेहमीचा भोंगेवाला या सिनेमाची हाळी द्यायला तयार होईना. "यात काय सांगू? विहीर हाये मनू?" तेव्हा तुळसाबाई स्वतः रेंगीत चढल्या. बाईमाणूस भोंगा घेऊन बैलगाडीतून सिनेमाची जाहिरात करतंय, हे आर्णीने तोवर पाहिलं नव्हतं. मोठ्या गुरुजींनी मला ऑफिसात बोलावून "शिक्षिकेने त्या बाईबरोबर फार दिसू नये" असं समजावलं. मी "बरं" म्हटलं आणि शाळा सुटल्यावर रेंगीत त्यांच्या शेजारी जाऊन बसले. भीती वाटत होती, पण त्याहून जास्त मजा वाटत होती.

आम्ही वस्त्या धरल्या, कापूस वेचणाऱ्या बायांच्या शेताचे बांध धरले, पलीकडचे बंजाऱ्यांचे तांडे धरले. तुळसाबाईंची हाळी मला अजून पाठ आहे.

"आयका वो बायाहो! या सिनेमात नाच नाही. राजा नाही, राक्षस नाही, मारामारी नाही. ज्याले नाच पाह्याचा त्यानं घरीच राहा, मी खोटं बोलून बलावनार नाही! एक बाई हाय, एक टोपली हाय, आन् कोयडी, सुकेल जमीन हाय. जिनं डोक्यावर पानी वाह्यलं तिनंच या! गुंड भरला हाय वो, गुंड भरला हाय!"

तांड्यावर झमकूबाई म्हणून एक म्हातारी होती, हातभर पांढऱ्या बांगड्या घातलेली. तांड्यातल्या पोरी तिला याडी म्हणायच्या, म्हणजे आई. तिचा शब्द तांड्यात चालायचा. तिने कमरेवर हात ठेवून सगळी हाळी ऐकली आणि विचारलं, "तू सोता पाह्यला?"

"पाह्यला."

"रडली?"

"रडली नाही. रातभर झोपली नाही."

"मंग येतो आमी," झमकूबाई म्हणाली.

बाजाराच्या दिवशी ऊन कलायच्या आधीच बाया यायला लागल्या. डोक्यावर बाजाराच्या टोपल्या, काखेत लेकरं, हातात भाकरीची फडकी. शेतावरून तशाच आलेल्या बायांच्या केसांत कापसाची कस्पटं होती. तांड्यावरून गाड्या आल्या. पडद्यामागची जागा बघता बघता भरली, आणि बाहेर रांग तशीच होती. पुरुषांच्या बाजूला दहाबारा टाळकी विडी ओढत बसली होती. नामदेवराव दोन्ही दारांमधून येरझारा घालत होते. तंबू भरलाही होता आणि रिकामाही होता.

तुळसाबाई उठल्या, पोतं झटकलं आणि रांगेतल्या बायांना म्हणाल्या, "चला माह्या मागं." आणि पुरुषांच्या दारातून आत शिरल्या.

"बाई, काय करून राह्यली?"

"तंबू भरून राह्यली. तूच मनला ना?"

शेकडो बाया पडद्याच्या पुढच्या बाजूला बसल्या. विडीवाले आधी सरकले, मग उठून उभे राहिले आणि शेवटी कनातीकडेने मागच्या अंगाला जाऊन टेकले. मी आणि तुळसाबाई पहिल्याच रांगेत होतो. दिवे गेले. नावं सरळ आली. मी मोठ्याने वाचून दाखवली आणि मागे "वाचता येते वो!" असं कुणीतरी म्हणालं.

सिनेमातली बाई सकाळपासून खणते आणि दुपारी खड्ड्याच्या काठावर बसून फडकं सोडते. भाकर मोडते. घास उचलते. आणि आमच्या सगळ्या बाजूत "अगं बाई" असा आवाज उठला. ती उजव्या हाताने जेवत होती.

तुळसाबाई उभ्याच राहिल्या. मागून "खाली बसा" म्हणून ओरडा झाला, तो त्यांना ऐकूच गेला नाही. "मास्तरीनबाई," त्या म्हणाल्या, "उजव्या हातानं खाऊन राह्यली वो." मग बसल्या. शेवटी गुंड वर आला, अख्खा तंबू हुंदके देत होता, झमकूबाई कपाळावर हात मारून मोठ्याने रडत होती, आणि तुळसाबाई पडद्याकडे बघत होत्या खऱ्या, पण चेहरा रागाने काळवंडला होता. मला वाटलं आपली चूक कळली म्हणून त्या ओशाळल्या असतील. मी त्यांना ओळखलंच नव्हतं.

तंबू रिकामा झाल्यावर नामदेवराव हसत आले. "जितली बाई तू. मानलं तुले. सांग दारावर काय सांगाचं थे."

"नामा, आता बाया इकडंच बसतीन."

त्यांचं हसू गेलं. "मंग मानसं?"

"मदात दोरी बांध. अर्ध्यात मानसं, अर्ध्यात बाया."

"गावचे लोक ऐकतीन का? आताच दोघं-तिघं बोलून गेले मले. बायकांमागं बसवलं मनून."

"इतके वर्स आमाले उलटं दाखवलं तुनं. आमी तिकीट सुलटं घेतलं ना? लोकं डाव्या हातानं जेवतात मनून मी साऱ्या गावाले सांगत बसली! आन् ह्या मास्तरीनबाईले मी येडी समजली!"

"बाई, थे नाही होनार."

"मंग मीबी सांगून ठेवतो. दारावर बोलाचा हक्क मी जितला ना? आता एकच बोलीन."

आणि त्या एकच बोलल्या. दुसऱ्या दिवसापासून दारावर येणाऱ्या प्रत्येक बाईला, सिनेमा चांगला असो की टाकाऊ, "मागून पाह्याचं असंल त नका पाहू." आठवड्याने नामदेवरावांनी त्यांना दारावरून उठवलं आणि भावजयीला बसवलं. तुळसाबाई पोतं उचलून रस्त्यापलीकडच्या कडुलिंबाखाली जाऊन बसल्या. ती जागा भावाची नव्हती. तिथून वाती वळत वळत त्या येणाऱ्या बायांकडे नुसत्या बघत. बाया तंबूकडे बघत, कडुलिंबाकडे बघत आणि कडुलिंबाखाली येऊन बसत. नवऱ्याच्या धाकाने काही जात, त्यांना त्या काही म्हणत नसत.

लोक काय काय बोलले! म्हातारपणी चळ लागला म्हणाले. भावाचं खाऊन भावाचं वाईट करते म्हणाले. भावजयीने जेवायला वाढणं सोडलं, तेव्हा त्या माझ्याकडे आईच्या हातचं जेवायला लागल्या आणि आईला मीठ कमी पडलं म्हणून सांगायला लागल्या. पण मला सगळ्यात वाईट वाटायचं ते वेगळ्याच गोष्टीचं. कनातीतून गाण्याचे, रडण्याचे, टाळ्यांचे आवाज यायचे आणि त्यांचे हात थांबायचे. ज्या बाईचा जीव सिनेमावर होता, तिने तो सबंध मोसम एकही सिनेमा पाहिला नाही. मी एकदा म्हटलं, "मी जाऊन बघून येते, तुम्हाला गोष्ट सांगते." त्या म्हणाल्या, "तुमी गेल्या त मी बोलनार नाही तुमच्याशी." मी गेले नाही. रागच आला होता मला त्यांचा, पण गेले नाही.

पाऊस आला, तंबू उठला. पुन्हा दिवाळी झाली, पुन्हा बांबू रोवले गेले. पहिल्या खेळाच्या संध्याकाळी आम्ही कडुलिंबाखाली बसलो होतो. नामदेवराव स्वतः आले. वर्षभर ते बहिणीशी बोलले नव्हते. उभ्या उभ्या म्हणाले, "पडदा मागं नेला बाई. कनातीले टेकवला. मदात दोरी बांधली."

"बांधली का बांधनार हाय?"

"येऊन पाह्य ना."

त्या उठल्या. आत जाऊन दोरी हाताने ओढून पाहिली. काथ्याची जाड दोरी, खांबापासून पडद्यापर्यंत. मग पुढे जाऊन बसल्या. बाया त्यांच्या मागोमाग लोंढ्याने आत आल्या. पलीकडे पुरुष कुरकुरत बसले, पण बसले. नामदेवरावांनी बहिणीसाठी खास त्या वर्षीचा सगळ्यात गाजलेला सिनेमा मागवला होता. ते खांबाशी उभं राहून तिचाच चेहरा बघत होते.

नायिका पाण्याला निघाली. कंबरेवर घागर घेऊन उड्या मारत परत आली. तुळसाबाईंनी गुडघ्यावर हात ठेवला आणि त्या उभ्या राहिल्या.

"चला वो," त्या मोठ्याने म्हणाल्या. "गुंड रिकामा हाय."

आणि वर्षभर भांडून मिळवलेली जागा सोडून त्या सरळ बाहेर चालू लागल्या. त्यांच्यामागून निम्म्या बाया उठल्या. मीही उठले. नामदेवराव कपाळाला हात लावून म्हणाले, "ये माय, आता त इकडून दाखवला ना!" आणि मग ते स्वतःच हसत सुटले. दुसऱ्या दिवशी पोतं पुन्हा दारावर होतं.

त्यानंतर त्या बरीच वर्षं बसल्या. माझी बदली आधी महागावला आणि नंतर बोरीला झाली, तरी मी सुट्टीत आले की आधी दारावर जायची. पुढे तंबू जाऊन पत्र्याचं पक्कं थेटर झालं. तिथे दोरीऐवजी लाकडी कठडा आला, पण मधोमधच. शेवटच्या वर्षी त्यांना डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं. मग त्या सिनेमा संपून बाहेर येणाऱ्या बायांना थांबवून विचारायच्या, "भरला हाय का वो?" आणि त्यांच्या सांगण्यावरून पुढच्यांना सल्ला द्यायच्या.

त्या गेल्याचा निरोप मला बोरीला आला. मी पोचले तेव्हा त्यांना नेत होते. आमच्याकडे बाया मसणात जात नाहीत. त्या दिवशी गेल्या. कुणी कुणाला विचारलं नाही. वस्तीतल्या, तांड्यावरच्या, अर्धी वेचणी टाकून आलेल्या, सगळ्या पुरुषांच्या मागोमाग नदीपर्यंत चालत राहिल्या. एक म्हातारा "माघारी फिरा" म्हणून ओरडला. झमकूबाई काठी टेकत त्याच्या बाजूने पुढे निघून गेली.

मूलबाळ नव्हतं म्हणून पाण्याचं मडकं नामदेवरावांनी घेतलं. तेही आता म्हातारे झाले होते. मडकं खांद्यावर चढवायला दोघांनी हात दिला. ते चितेभोवती चालायला लागले. मान ताठ, अंग एका बाजूला कललेलं, पाऊल वाळू चाचपत. पाणी हिंदकळून त्यांच्या खांद्यावरून, सदऱ्यावरून खाली ओघळत होतं आणि ते पुसायला त्यांचा हात मोकळा नव्हता.

आम्ही सगळ्या काठावर उभ्या राहून बघत होतो. मग झमकूबाईने डोळ्यांवर हात आडवा धरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "भरला हाय वो, तुळसा. भरला हाय."